बोंडअळीला बांध दिसत नाही

दुष्काळाची मदत रखडली, पीकविम्याचे पैसे अडकले किंवा कालव्याची पाळी हुकली, की मराठवाड्यात एक प्रश्न हमखास ऐकू येतो : निसर्गाला कुठे सरकार लागते? पाऊस पडतो, मधमाश्या पोळे बांधतात, जंगल कुणाच्या आदेशावाचून वाढते; मग माणसाच्याच डोक्यावर तहसील, पाटबंधारे आणि पोलीस कशाला? नेमके उलटे बोलणारेही त्याच पारावर बसलेले असतात. निसर्गात बळी तो कान पिळी, माणूसही त्यातलाच, म्हणून वर कडक हाताचा राज्यकर्ता हवा, असे त्यांचे म्हणणे. या दोघांचे एकमेकांशी कितीही भांडण असले तरी विचाराची वाट एकच आहे. आधी निसर्गाचा स्वभाव ठरवायचा आणि त्यावरून माणसाने कसे राहावे याचा निकाल देऊन टाकायचा. परभणी जिल्ह्याची शेती, नदी आणि इतिहास पाहिला तर ही वाटच चुकलेली आहे, हे दाखवता येते.

पहिल्या मताचा समाचार आधी घ्यायला हवा. ते संतापातून आलेले आहे आणि संतापाची कारणे खरी आहेत.

सेलू, मानवत, पाथरी, जिंतूर हा कापसाचा पट्टा. गुलाबी बोंडअळीने या पट्ट्याला जे शिकवले ते निसर्ग आणि शासन यांवरच्या कोणत्याही ग्रंथापेक्षा कमी मोलाचे नाही. या अळीचे जगणे अतिशय नियमबद्ध आहे. पतंग पात्यांवर, फुलांवर, कोवळ्या बोंडांवर अंडी घालतो. फुलात अळी असली तर पाकळ्या उमलत नाहीत, गुंडाळल्यासारख्या राहतात. शेतकरी त्याला डोमकळी म्हणतात. अळी बोंडात शिरली की शिरण्याचे छिद्र बुजते, मग वरून कितीही फवारा, औषध आत पोचत नाही. आत ती सरकी खाते. हंगाम संपत आला की शेवटच्या पिढीतल्या अळ्या बोंडात आणि सरकीत सुप्तावस्थेत जातात आणि पुढच्या पिकावर पुन्हा प्रकटतात. तिचे पोट मुख्यतः कापसावरच चालते. म्हणजे शिवारात पाच-सहा महिने कापूसच उभा नसेल तर तिची साखळी तुटते.

उपाय एवढा सरळ असूनही तो एकट्याने करता येत नाही, आणि सगळा प्रश्न इथेच आहे. ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो डिसेंबरनंतरही पऱ्हाटी ठेवतो, पाणी-खत देऊन फरदड घेतो. त्याचा हिशोब त्याच्यापुरता बरोबर असतो; दोन-चार क्विंटल जादा कापूस घरात येतो. पण त्याच्या शेतात पोसलेली अळी पुढच्या जुलै-ऑगस्टात शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या पिकावर उतरते. त्या शेजाऱ्याने डिसेंबरात शेत साफ केलेले असते, पऱ्हाट्या जाळलेल्या किंवा बारीक करून मातीत गाडलेल्या असतात, कामगंध सापळे लावलेले असतात. तरी नुकसान त्याचे होते.

बीटी कापसाचीही हीच कथा आहे. २००२ साली बीटी वाणांना परवानगी मिळाली, २००६ साली दोन जनुकांचे वाण आले. अळीत प्रतिकारशक्ती लवकर तयार होऊ नये म्हणून शेताच्या कडेने बिगर-बीटी कापसाच्या आश्रय ओळी लावायच्या, असा नियम होता. त्यासाठी बियाण्याच्या पाकिटासोबत वेगळी पुडी मिळायची. बहुतेक ठिकाणी ती पुडी पेरलीच गेली नाही. आपल्या रानात कमी पिकणारी झाडे कोण लावणार? प्रत्येकाने स्वतःचे शहाणपण वापरले आणि सर्वांचे मिळून नुकसान झाले. २०१७च्या हंगामात मराठवाडा-विदर्भात बोंडेच्या बोंडे किडली आणि राज्य सरकारला मदत जाहीर करावी लागली. सरकारही यात निर्दोष नव्हते. नियम पाकिटावर छापला, तो पाळला जातो का हे पाहण्याची यंत्रणा उभी केली नाही.

परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ शेतकऱ्यांना सांगते : फरदड घेऊ नका, पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर रचू नका, हंगामापूर्वी लागवड करू नका. सल्ला शास्त्राला धरून आहे. पण सल्ला मानणाऱ्याला न मानणाऱ्यापासून संरक्षण कोण देणार? म्हणून काही वर्षे राज्याने जूनपूर्वी कापसाचे बियाणे विकण्यावर बंदी घातली. या बंदीवर टीका झाली. पण लागवडीची तारीख सर्वांसाठी मागे ढकलणे ही गोष्ट कोणताही एक शेतकरी, कितीही हुशार असला तरी, आपल्या बळावर करू शकत नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे या. निसर्गात केवळ गोंधळ असता तर कोणतीही तारीख ठरवण्यात अर्थ नव्हता. अळी नियमाने वागते म्हणूनच तिच्याविरुद्ध नियम करता येतो. मात्र हा निसर्गनियम शेतकऱ्याच्या भल्यासाठी केलेला नाही. तो सातबाऱ्यावरची नावे पाहत नाही, बांध ओळखत नाही. सरकारची गरज निसर्ग बेशिस्त आहे म्हणून पडत नाही आणि माणूस दुष्ट आहे म्हणूनही पडत नाही. एकाच्या रानातल्या कृतीचा परिणाम दुसऱ्याच्या रानात जातो आणि त्या दुसऱ्याला पहिल्याला अडवण्याचा काहीच मार्ग नसतो, म्हणून ती पडते.

पावसाबद्दलही तेच. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेंझ यांनी १९६३ साली दाखवून दिले की काटेकोर नियमांनी चालणारी व्यवस्थासुद्धा सुरुवातीच्या अगदी सूक्ष्म फरकामुळे पुढे पूर्ण वेगळे वळण घेऊ शकते. ‘निसर्ग सुव्यवस्थित की अनागोंदी’ हा वाद तिथेच निकालात निघायला हवा होता, कारण दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. परभणीच्या शेतकऱ्याला हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. पावसाळा दरवर्षी येतो. पण मृगात पडलेल्या पावसानंतर खंड किती दिवसांचा, हे कुणी सांगू शकत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा कृषी विद्यापीठाचा सल्ला या अनिश्चिततेतूनच आला आहे. दुबार पेरणी करावी लागलेल्या माणसाला निसर्गाच्या शिस्तीचे गोडवे ऐकवणे क्रूरपणाचे आहे.

शासनाविना समाज ही कल्पना मात्र हलक्यात घेण्यासारखी नाही. प्योत्र क्रोपोट्किन या रशियन विचारवंताने १९०२ साली ‘म्युच्युअल एड’ या पुस्तकात पशुपक्ष्यांमधल्या आणि माणसांमधल्या परस्पर सहकार्याचे असंख्य दाखले मांडले. झुंज हाच जीवनाचा एकमेव नियम आहे, हे मत त्याने खोडून काढले आणि त्यात तो बरोबर होता. मराठी माणसाला हा विचार विनोबांमुळे अधिक जवळचा. १९५१ साली पोचमपल्लीत भूदानाचा प्रारंभ झाला तेव्हा ते गाव हैदराबाद राज्यात होते आणि परभणी जिल्हाही त्याच राज्यात होता. शासनमुक्त समाजाचे स्वप्न विनोबांनी मनापासून पाहिले, त्यासाठी वर्षानुवर्षे पायी हिंडले. तरीही दान मिळालेली जमीन भूमिहीनाच्या नावावर पक्की करायला राज्याराज्यांना भूदानाचे कायदे करावे लागले, आणि दान दिलेली बरीच जमीन शेवटपर्यंत वाटली गेली नाही. माणसाच्या चांगुलपणाने दान दिले. ते टिकवायला फेरफार, नकाशा आणि तलाठी लागले.

शासनाविना चालणाऱ्या व्यवस्थांची म्हणून जी उदाहरणे दिली जातात, ती जवळून पाहिली पाहिजेत. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत शेकडो वर्षे चालली. तिथे कुणा कलेक्टरचा हुकूम नव्हता, हे खरे. पण शिवाराचे फड पाडलेले होते, एका फडात एकच पीक, पाण्याची पाळी ठरलेली, पाणी देणारा पाटकरी वेगळा, राखण करणारा जागल्या वेगळा, आणि पंचांचा निर्णय सर्वांवर बंधनकारक. हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली, शेतीसाठी बोअर घ्यायला मनाई केली, पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असे म्हटले. त्या घोषणेत सरकार नाकारलेले नाही. ते गावात आणलेले आहे. शिवाय मेंढ्याला २००९ साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला तो संसदेने केलेल्या वनहक्क कायद्याखाली.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते अशाच सामाईक संपत्तीच्या अभ्यासासाठी. लोक स्वतःहून पाणी, कुरणे, मासेमारी नीट सांभाळू शकतात, हे त्यांनी जगभरचे दाखले देऊन सिद्ध केले. सरकार नको म्हणणारे त्यांचे नाव आनंदाने घेतात. पण जिथे हे साधले तिथे काय काय होते, हेही ऑस्ट्रॉम यांनी नोंदवले आहे : हद्द ठरलेली, देखरेख करणारी माणसे, नियम मोडणाऱ्याला चढत्या क्रमाने दंड, तंटा मिटवण्याची जागा आणि या सगळ्याला वरच्या सत्तेची मान्यता. याला शासन म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

गावाची ताकद संपते ती जागा १९७२च्या दुष्काळाने दाखवली. आधीचे वर्षही वाईट गेले होते. १९७२च्या पावसाने पाठ फिरवल्यावर मराठवाड्यात धान्य, चारा, पाणी तिन्ही एकदम आटले. परस्पर मदतीचे एक गणित असते. एकाचे बुडाले तर दहा जण हात देतात; भाऊबंद, सोयरे, शेजारी धान्य उसने देतात. पण दहाच्या दहा जणांचे बुडाले, सोयऱ्यांचे गावही त्याच दुष्काळात, तर कोण कुणाला काय देणार? तिथे माया कमी पडत नाही, कणगीच रिकामी असते. त्या वेळी राज्याने खडी फोडणे, नालाबांध, पाझर तलाव, रस्ते अशी कामे काढली. मे १९७३मध्ये महाराष्ट्रात मदतकामांवरच्या मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या आसपास पोचली होती. कामावर सुकडी वाटली जाई, परदेशातून आलेला मिलो रेशनवर मिळे. त्या लाल मिलोची चव आजही वडीलधारी माणसे नाक मुरडून सांगतात. पण ती सांगायला ती जगली. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली होती. तिथेही सरकार होते, पण ते तिथल्या लोकांना उत्तर द्यायला बांधलेले नव्हते.

महाराष्ट्रात मात्र वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला. दुष्काळात काम मागणे हा हक्क झाला. कामांवर गैरव्यवहार झाले, खोटे हजेरीपट भरले गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण खोटा हजेरीपट पकडायचा तर खरा हजेरीपट ठेवणारी व्यवस्था आधी असावी लागते.

गावाच्या पलीकडे नदी आहे. गोदावरीवर पैठणला जायकवाडी धरण बांधले गेले, १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली. त्याचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा. जालन्यातून तो परभणी जिल्ह्यात येतो. पाथरी-मानवतच्या रानात पाणी येणार की नाही हे पाथरीत ठरत नाही. ते नाशिक आणि नगरच्या धरणांत किती अडवले यावर ठरते. वरच्या शेतकऱ्याचे उसाचे पीक त्याच्या दृष्टीने योग्य, द्राक्षबाग योग्य. नदीला उतार आहे म्हणून आधी हक्क त्याचा, असे तो म्हणू शकतो. निसर्गाचा नियम तर त्याच्याच बाजूने आहे. पाणी खाली वाहते आणि वरचा माणूस ते आधी अडवतो.

या निसर्गनियमाविरुद्ध मराठवाड्याने काय वापरले? कायदा. २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याच्या कलम १२मध्ये खोऱ्यातल्या धरणांत तुटीच्या वर्षी समन्यायी पाणीवाटप करण्याची तरतूद आहे. मेंढेगिरी समितीने २०१३ साली सूत्र दिले : १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरून पाणी सोडायचे. प्राधिकरणाने २०१४ साली आदेश काढला, सप्टेंबर २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. २०२३च्या तुटीत या चौकटीतच साडेआठ टीएमसीच्या वर पाणी सोडण्याचा आदेश निघाला. दर वेळी विरोध झाला, आंदोलने झाली, दिरंगाई झाली. तरीही, सरकार नको म्हणणाऱ्याने सांगावे : हे पाणी मानवतच्या शेतकऱ्याने कुणाच्या सद्भावनेवर मिळवले असते? २०२५च्या सप्टेंबरात चित्र उलटे झाले. अतिवृष्टीने जायकवाडीचे दरवाजे उघडावे लागले आणि पाथरी, सोनपेठ, गंगाखेडच्या नदीकाठाला पुराचे पाणी लागले. वरच्या टोकाला किती विसर्ग सोडला जातोय याची खबर खालच्या गावाला काही तास आधी मिळणे ही तेव्हा जीवनमरणाची बाब होती. ती खबर मधमाश्या आणत नाहीत.

गावाने आपले आपण पाहावे, या मागणीला आणखी एक उत्तर आहे आणि ते टाळून चालणार नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या गोडव्यांवर कठोर टीका केली. त्यांना खेड्याची स्वयंशासित व्यवस्था माहीत होती, तिच्या वेशीबाहेर कोण राहते हेही माहीत होते. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केले होते. गावाने ते मानले नाही. २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला आणि न्यायालयाचा अंतिम निकाल यायला १९३७ साल उजाडले. तळ्याचे पाणी निसर्गाचे होते. ते कुणी प्यायचे याचा नियम जातीचा होता, आणि त्या नियमालाही ‘स्वाभाविक’, ‘सनातन’ म्हणूनच मिरवले जात होते. ज्याला निसर्गाची व्यवस्था म्हणतात ती पुष्कळदा ताकदवानाच्या सोयीची व्यवस्था असते. दुबळ्याला तिच्याविरुद्ध दाद मागायला गावाबाहेरची जागा लागते.

पण म्हणून दुसऱ्या बाजूचे, दंडुकेवाल्यांचे म्हणणे बरोबर ठरत नाही. महाभारताच्या शांतिपर्वात मात्स्यन्यायाची गोष्ट येते : मोठा मासा लहान माशाला खातो तशी प्रजा एकमेकांना गिळू लागली, म्हणून राजा मागून घेतला. ही गोष्ट सांगणारे एक प्रश्न सोडून देतात. राजाच मोठा मासा झाला तर? मराठवाड्याने ते पाहिले आहे. १९४७-४८मध्ये निजामाच्या राज्यात सत्तेचा आधार असलेल्या रझाकारांनी गावेच्या गावे लुटली. सत्ता होती, दंडही होता, न्याय नव्हता. सप्टेंबर १९४८मध्ये ती सत्ता कोसळली आणि त्यानंतर सूडाच्या लाटेत निरपराध मुसलमान मोठ्या संख्येने मारले गेले. केंद्र सरकारने नेमलेल्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत परभणीला लागून असलेल्या नांदेडचे नाव घेतले. मुक्तिसंग्रामाचा अभिमान बाळगणाऱ्या प्रदेशाने ही नोंदही जपली पाहिजे. बेबंद सत्ता आणि सत्तेची पोकळी, दोन्ही एकाच वर्षात, एकाच मातीवर माणसे मारून गेल्या.

आणि हे जुने झाले असे कुणी म्हणू नये. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणी शहरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागले, पोलिसांनी धरपकड केली आणि १५ डिसेंबरला अटकेतल्या एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. सरकार नको म्हणणारा इथे बोट दाखवून म्हणेल, हे पहा तुमचे शासन. त्याचा राग योग्य आहे. पण त्या तरुणाच्या घरच्यांनी काय मागितले तेही पाहावे. त्यांनी गुन्हा नोंदवा म्हटले. जुलै २०२५मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. कडक हाताची मागणी करणाऱ्यांनीही हेच प्रकरण वाचावे. हात कडक होता. तो आवरायला दुसरी संस्था लागली.

यातून जी मागणी निघते ती ठोस आहे. फरदड थांबवायची तर ग्रामसभेने शिवारभराची एक तारीख ठरवावी, तालुक्याने शेजारच्या गावांशी ती जुळवावी आणि फरदड सोडणाऱ्या शेतकऱ्याला हरभऱ्यासारख्या पिकासाठी बियाण्याचा आधार मिळावा, म्हणजे नियम पाळणारा तोट्यात जाणार नाही. सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणारा कायदा २००५पासून आहे. डाव्या कालव्यावरच्या पाणीवापर संस्थांना मोजून पाणी द्यावे आणि वितरिकेची पाळी टेलच्या शेतापासून सुरू करावी. १५ ऑक्टोबरचा हिशोब झाला की पाणी सोडण्याचा आदेश त्याच आठवड्यात निघावा, त्यासाठी मोर्च्याची वाट पाहायला लागू नये. पोलीस कोठडीतले कॅमेरे चालू आहेत की नाहीत याची तपासणी पोलीस खात्याबाहेरच्या माणसाने करावी. यातले एकही काम मधमाश्यांच्या पोळ्याकडे पाहून होणार नाही, आणि एकही काम दंडुक्याने होणार नाही.